‘टेक ओव्हर’चा मराठी अर्थ

“या शब्दाचे दोन अर्थ होतात ना बाई?” बापूसाहेब सरनोबतांनी विचारलं आणि टाइप केलेले चार कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवले. तिसऱ्या पानावर एका शब्दाखाली त्यांनी निळ्या पेनानं रेघ मारली होती. टेक ओव्हर.

होतात, मी म्हटलं.

“मग सोपं झालं. त्यातला बरा अर्थ सांगायचा.”

खोली मुख्याध्यापकांची होती. पण मुख्याध्यापक खिडकीपाशी उभे होते आणि त्यांच्या खुर्चीत बापूसाहेब बसले होते. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. शाळाच बापूसाहेबांच्या संस्थेची होती.

ही गोष्ट शहाण्णव सालची. चंदगड तालुक्यातल्या माळवंडीच्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवत होते. मी चोवीस वर्षांची होते आणि नोकरीला दोन वर्षं होत आली होती. दर जूनला नवी ऑर्डर मिळायची, एप्रिलमध्ये ती संपायची. येत्या जूनला मला कायम करायचं बापूसाहेबांनी कबूल केलं होतं. माझे वडील गडहिंग्लजला पोस्टमन होते. अर्धांगाचा झटका आल्यापासून ते घरीच होते. माझ्या पाठीवर दोन बहिणी शिकत होत्या. त्या कायमच्या ऑर्डरीकडे घरातले सगळेच डोळे लावून बसले होते.

ते चार कागद गावातल्या काजूच्या कारखान्याचे होते. कारखाना बायकांचा. साठ-बासष्ट सभासद, सगळ्या गावातल्या आणि आजूबाजूच्या वाड्यांवरच्या. बी वाफवायची, फोडायची, गर सोलायचा, निवडायचा, सगळं त्याच करत. बी फोडताना टरफलातला चीक उडतो आणि कातडी भाजून काळी पडते. माळवंडीच्या बाजारात कुठल्या बाईचा हात कारखान्याचा आहे ते लांबूनही ओळखू यायचं. कारखाना चालवणाऱ्या सहकारी संस्थेची अध्यक्ष लगमाक्का गावडे. अकरा वर्षांपूर्वी तिनंच दारोदार फिरून बायका जमवल्या होत्या. कागदपत्रं मात्र पहिल्यापासून बापूसाहेबांनी पाहिली. ते या संस्थेचे सल्लागार होते. सभेत तेच बोलत, ठराव तेच मांडत आणि ते बोट ठेवतील तिथं लगमाक्का आधी अंगठा उठवी, आता सही करी.

ती सही तिला मीच शिकवली होती. शनिवारी शाळा सकाळची असे. दुपारी मी कारखान्याच्या निवडखान्यात जाऊन बसायची आणि बायकांना अक्षरं गिरवायला लावायची. मला कुणी सांगितलं नव्हतं, मला आवडायचं. त्यामुळे गावात बायकांचा माझ्यावर विश्वास बसला होता. बापूसाहेबांना नेमका तोच हवा होता.

एका मोठ्या कंपनीनं कारखान्यासाठी प्रस्ताव दिला होता. प्रस्ताव इंग्रजीत होता. रविवारी सर्वसाधारण सभेत तो मंजूर करून घ्यायचा होता. पण सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांनी अट घातली होती की मतं घेण्याआधी सगळा मजकूर सभासदांना मराठीत वाचून दाखवला पाहिजे.

“वकील वाचतील की,” मी म्हटलं.

“वकिलाचं ऐकून बायका घाबरतात. तुमचं ऐकतील.” बापूसाहेब कधी आवाज चढवून बोलत नसत. “पाटील सर रजेवर गेले की त्यांचा वर्ग तुम्ही टेक ओव्हर करता की नाही? त्यात काय वाईट आहे? मूळचा माणूस नसला तर काम सांभाळायचं, एवढंच. तसंच कंपनी कारखान्याचं काम सांभाळणार. हेच सांगायचं.” मग उठता उठता म्हणाले, “जूनच्या ऑर्डरी सहीला काढल्यात मी. सोमवारी या घरी.”

मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत होते.

मी रोजमेरी बारदेस्करच्या घरात एका खोलीत भाड्यानं राहायची. रोजमेरी चाळिशीची, नवरा दुबईला, मूलबाळ नाही. कारखान्यात प्रतवारीचं काम तिच्याकडे होतं. अख्खा गर कुठला, फुटका कुठला, नुसत्या बोटांनी सांगायची. त्या शनिवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात मासे साफ करत होती आणि मी खोलीचं दार लोटून कागद वाचत बसले होते.

शब्दकोश उघडायची गरज नव्हती, तरी उघडला. दोन्ही अर्थ तिथं एकाखाली एक दिलेले होते. एखाद्याचं काम आपल्याकडे घेणे. एखाद्या गोष्टीचा ताबा घेणे. नववीच्या वर्गात मी हे क्रियापद शिकवलं होतं आणि मुलांना सांगितलं होतं की अर्थ क्रियापदात शोधू नका, त्याच्या पुढं काय आलंय ते बघा. वर्ग आला, कामाची पाळी आली, तर काम सांभाळणं. देश आला, किल्ला आला, तर ताबा.

कागदावर त्या शब्दाच्या पुढं आलं होतं ते असं: कारखाना, त्याखालची जमीन, शेड, यंत्रं, परवाना आणि संस्थेचं नाव. त्याखालच्या ओळीत सभासदांविषयी एकच वाक्य होतं. गरजेनुसार त्यांना कामावर घेता येईल. आणि शेवटच्या पानावर, कंपनीच्या स्थानिक सल्लागार मंडळावर कोण असणार, तिथं बापूसाहेबांचं नाव होतं.

मी कागद घडी घालून उशीखाली ठेवले. मग आरशासमोर उभी राहिले आणि उद्या म्हणायचं वाक्य हळू आवाजात म्हणून पाहिलं. कंपनी कारखान्याचं काम सांभाळायला घेईल. हे काही खोटं नाही, असं मी स्वतःला समजावत होते. शब्दकोशात पहिला अर्थ हाच आहे. वाक्य तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं म्हटलं गेलं असावं.

“कुणाचं काम सांभाळणार?” रोजमेरीनं आतून विचारलं.

“पाटील सरांचं,” मी म्हटलं. “रजेवर आहेत ना.”

 जेवताना माझ्या ताटात तिनं सुरमईची मोठी तुकडी वाढली. ती मी ताटाच्या कडेला सारून ठेवली.

सभा सकाळी अकराला होती. बी वाळवायच्या खळ्यावर मांडव घातला होता. बायका पोत्यांवर बसल्या होत्या. समोर टेबल, टेबलामागं चार खुर्च्या. एकीवर सहकार खात्याचे अधिकारी, एकीवर कंपनीचा माणूस, मध्ये बापूसाहेब. लगमाक्का टोकाच्या खुर्चीवर बसली होती, अंग चोरून, जणू कुणी उठवलं तर पटकन उठता यावं. तिच्यापुढं इतिवृत्ताची वही होती. ती तिनं उघडलीही नव्हती.

मी वाचायला लागले. पहिलं पान, दुसरं पान. नावं, पत्ते, तारखा. बायका लक्ष देऊन ऐकत होत्या. एखादी मान हलवत होती. रोजमेरी दुसऱ्या रांगेत होती. तिसऱ्या पानावर निळी रेघ आली. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

“कंपनी कारखान्याचं काम सांभाळायला घेईल.”

रोजमेरीनं मान वर केली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. जमिनीची, परवान्याची ओळ सगळी गाळली आणि पुढच्या परिच्छेदावर गेले. बापूसाहेबांनी खुर्चीत जरा मागं रेलून घेतलं.

“बाई, जरा थांबा,” लगमाक्का म्हणाली.

अकरा वर्षांत तिनं सभेत तोंड उघडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ती अधिकाऱ्यांकडे बघत नव्हती, बापूसाहेबांकडेही नाही. माझ्याकडे बघत होती.

“सांभाळणार म्हंजे कवापतूर?”

“काय?”

“न्हाई, माझी शेळी मी सुनंकडं सांभाळाय देतो, तर माघारी आल्यावर घेतो. ही कंपनी कवापतूर सांभाळणार? माघारी कवा देणार?”

मी कागदाकडे बघितलं. तिथं तारीख नव्हती हे मला पाठ होतं, तरी बघितलं. बापूसाहेब हसले. ते पुढचं पुढं बघू लगमाक्का, आधी सगळं ऐकून तर घे, असं काहीतरी म्हणाले.

“तुमास्नी न्हाई विचारलं,” लगमाक्का म्हणाली. “बाईस्नी विचारलं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी उत्तर देईन, आणि ते खरं असेल, याबद्दल तिला काहीही शंका नव्हती. तिचे दोन्ही हात वहीवर होते. तळवे वर, चिकानं काळे झालेले. त्या हातात पहिल्यांदा पेन्सिल धरवायला मला चार शनिवार लागले होते.

मी कागद टेबलावर ठेवले.

“परत देणार नाहीत,” मी म्हटलं. “तसं यात कुठंच लिहिलेलं नाही. मी तुम्हाला अर्थ चुकीचा सांगितला.”

“चुकून होतं बाई, इंग्रजी अवघड—” बापूसाहेबांनी सुरुवात केली.

“चुकून नाही. मुद्दाम सांगितला.”

   मी गाळलेली ओळ वाचली. आधी इंग्रजीत, मग मराठीत, एकेक शब्द. जमीन. शेड. यंत्रं. परवाना. नाव. मग सांगितलं की ‘टेक ओव्हर’ असा शब्द आहे, त्याचे दोन अर्थ होतात आणि इथं दुसरा आहे. इथं त्याचा अर्थ ताबा घेणं.

मागच्या बाजूनं एका म्हातारीनं विचारलं, दोन अर्थ कसे काय? शब्द एक तर अर्थ एक.  वर्गात देते ती उदाहरणं तिथं उपयोगाची नव्हती. तेवढ्यात रोजमेरी उठून उभी राहिली.

“मी सांगते,” ती म्हणाली. “मावशे, तू बी फोडायला बसलीस. तुला पाणी प्यायचं झालं. तू मला म्हटलंस, रोजमेरी, जरा माझ्या जागेवर बस. मी बसले. तू आलीस, मी उठले. हा एक अर्थ. आता दुसरा. तू बसलीयस. मी आले आणि म्हटलं, ऊठ, आजपासून ही जागा माझी. गरज लागली तर तुला बोलवीन.” ती माझ्याकडे वळली. “असंच ना बाई?”

असंच, मी म्हटलं. त्याहून चांगलं मला आजही सांगता येत नाही, आणि त्यानंतर मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आहे.

मग एकदम गलका झाला. कंपनीचा माणूस अधिकाऱ्यांच्या कानाशी लागला. तो सभ्य माणूस होता. असं काही होईल अशी त्याला कल्पना नसावी. बापूसाहेब उभे राहिले. त्यांनी हात वर केला. एरवी तेवढ्यानं सगळं शांत व्हायचं. गैरसमज झालेला आहे, सभा तहकूब करतो, पुढची तारीख कळवू, असं ते म्हणाले आणि टेबलावरचे कागद गोळा करायला लागले.

“अध्यक्ष कोण हाय?” लगमाक्कानं विचारलं.

बापूसाहेबांना वाटलं, ती त्यांच्याशीच बोलतेय. पण ती अधिकाऱ्यांना विचारत होती. अधिकारी तरुण होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. कागदोपत्री तुम्हीच अध्यक्ष आहात, असं त्यांनी सांगितलं. सभा तहकूब करायची की नाही, ते अध्यक्षांनी ठरवायचं असतं.

“मग मी ठरीवतो. सभा चालू हाय.” लगमाक्का उभी राहिली. आता तिनं अंग चोरलं नव्हतं. तिनं वही उघडली, पेन काढलं आणि बापूसाहेबांना म्हणाली, “तुमी सल्लागार. सल्ला मागू तवा द्या. आता बसा.”

बापूसाहेब बसले नाहीत. कंपनीच्या माणसाला घेऊन ते जीपकडे गेले. खळ्यावरून जीप जाईपर्यंत सगळ्या बायका तिकडे बघत होत्या. मग लगमाक्कानं हात वर करायला सांगितले. प्रस्तावाच्या विरुद्ध एवढे हात वर झाले की अधिकाऱ्यांना ते दोनदा मोजावे लागले. बाजूनं एकही नव्हता. ठराव मी लिहून दिला, तिनं खाली सही केली. सगळी सही, आडनावासकट. त्याला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ सगळे थांबले.

घरी आल्यावर रोजमेरी थेट स्वयंपाकघरात गेली. संध्याकाळी तिनं चहा आणून समोर ठेवला आणि दारातच उभी राहिली.

“काल मी विचारलं होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“कालच सांगायचं होतं.”

 मी चहा घेतला. ती तिथंच बसली आणि तिनंही घेतला. त्यापुढं तो विषय तिनं कधी काढला नाही, पण मी तो विसरले नाही. भर सभेत खरं बोलले याचं लोक आजवर कौतुक करतात. त्याआधी मी खोटं बोलले होते, हे त्यांना सांगायचं राहून जातं.

सोमवारी मी बापूसाहेबांच्या घरी गेले. जायचं कारण नव्हतं, पण न जाणं मला भ्याडपणाचं वाटलं. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, सरबत मागवलं. टेबलावर दोन कागद होते. एक माझी ऑर्डर, टाइप केलेली, फक्त सही बाकी. दुसरा कोरा.

त्यांनी शांतपणे समजावलं. सभेतला ठराव गैरसमजातून झालेला आहे, तेव्हा नवीन सभा घेता येईल. त्यासाठी मी एवढंच लिहून द्यायचं की अर्थ सांगताना माझी चूक झाली.

“चूक झाली हे तर तुम्ही सगळ्यांसमोर कबूलच केलंय,” ते म्हणाले. “कुठली चूक, तेवढं फक्त बदलायचं.”

त्यांनी पेन पुढं केलं. मी वडिलांचा विचार केला, बहिणींचा केला. तो केला नाही असं म्हणणार नाही. कोरा कागद पुढं ओढला आणि लिहिलं: “सभेत मी पहिल्यांदा सांगितलेला अर्थ चुकीचा होता. तो सांगण्याची सूचना मला बापूसाहेब सरनोबत यांनी दिली होती. दुसऱ्यांदा सांगितलेला अर्थ बरोबर आहे.” खाली तारीख घातली, सही केली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

त्यांनी तो सावकाश वाचला. मग चार तुकडे केले आणि सरबताच्या पेल्याशेजारी ठेवले.

“मी दुसरा लिहीन,” मी म्हटलं. “सहकार खात्यालाही एक लागेलच.”

“बाई, तुम्ही हुशार आहात. पण नोकरी हुशारीवर मिळत नसते.”

“माहीत आहे,” मी म्हटलं आणि उठले. सरबत तसंच होतं.

जूनमध्ये ऑर्डर आली नाही. आलं ते एक पत्र, इंग्रजीत. आपली सेवा समाप्त झाली आहे, आपले वर्ग श्री. अमुक टेक ओव्हर करतील. वाचून मला हसू आलं. रोजमेरीला वाचून दाखवलं तेव्हा तिनं विचारलं, “हा कुठला अर्थ, पहिला की दुसरा?” मग मात्र मला रडू आलं.

मी ट्रंक भरायला घेतली. गडहिंग्लजला जाऊन शिकवण्या करायच्या असं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लगमाक्का पंधरा-वीस बायका घेऊन शाळेत गेली. मी गेले नव्हते, मुख्याध्यापकांनीच नंतर मला सांगितलं. बाईंना का काढलं, असं बायकांनी विचारलं. हा शाळेच्या संस्थेचा अंतर्गत प्रश्न आहे, असं उत्तर मिळालं. तेव्हा लगमाक्का म्हणाली, “शाळा तुमची असंल. पोरं आमची हायती.” एवढं बोलून त्या परत फिरल्या आणि थेट रोजमेरीच्या दारात आल्या. माझी ट्रंक लगमाक्कानं स्वतः पायानं खाटेखाली ढकलली.

तो आठवडा संपायच्या आत निवडखान्यात माझा वर्ग सुरू झाला. शाळा सुटली की मुलं तिकडे यायची. एका भिंतीला फळा, समोर पोती. पलीकडच्या भिंतीशी बायका गर निवडत बसलेल्या. बोटं चालू, कान इकडे. पहिल्या दिवशी सत्तावीस मुलं होती, दुसऱ्या दिवशी चाळीस. शुल्क काय घ्यायचं, माझं जेवणखाण कसं, ते बायकांच्या संस्थेनं ठराव करून ठरवलं. घरी पाठवण्यापुरतं मला मिळायला लागलं. तीन वर्षं मी तिथं शिकवलं. मग बेळगावच्या एका शाळेत मला कायमची नोकरी मिळाली.

कारखान्याला ती तीन वर्षं सोपी गेली नाहीत. बापूसाहेबांच्या शब्दावर दोन व्यापाऱ्यांनी बी देणं बंद केलं. बायका टेम्पो करून सीमेपलीकडच्या गावांतून बी आणायला लागल्या. एक हंगाम तर अर्धाच चालला. पण चालला. आता तिथं रोजमेरीची भाची अध्यक्ष आहे.

वर्ग सुरू झाला त्याच आठवड्यातली एक दुपार माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मी फळ्यावर लिहीत होते. बाहेर जीप थांबली. बापूसाहेब उतरले आणि निवडखान्याच्या दारात उभे राहिले.  बायकांची बोटं थांबली. त्यांनी फळ्याकडे बघितलं, पोत्यांवर बसलेल्या मुलांकडे बघितलं. त्यातली बरीच त्यांच्याच शाळेच्या गणवेशात होती.

“हे कुणाच्या परवानगीनं चाललंय?” त्यांनी विचारलं.

मी बोलणार होते. पण लगमाक्का गराच्या ढिगाआडून उठली. पदराला हात पुसले, सावकाश चालत दारापर्यंत आली आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभी राहिली.

“माझ्या,” ती म्हणाली.

 ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. मग ती मागं वळली, तिच्या जागेवर जाऊन बसली, आणि मला म्हणाली, “शिकवा बाई.”